रश्श्यात गणंग राहिले, तर दोष मसाल्याचा नाही

हसनाबादच्या परिसरात, म्हणजे भोकरदन तालुक्यात, हरभरा दिवाळीच्या आगेमागे पेरला जातो. काळ्या रानातल्या ओलीवर तो वाढतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात येतो. घरचा हरभरा, घरचा काळा मसाला, तरीही झणझणीत रश्श्यात दातांना न शिजलेला टणक दाणा, म्हणजे गणंग, लागतो. मग कुणी मसाल्याला नावं ठेवतं, तर कुणी सोड्याची डबी काढतं.

सोड्याने दाणा मऊ होतो, हे खरं. पण जरा जास्त पडला तर साल सुटते, रश्श्याला साबणासारखी चव येते आणि थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होतं. दाणा नीट भिजला असेल तर सोड्याची गरजच पडत नाही.

भिजवताना मीठ टाकलं की हरभरा कडक होतो, असं घरोघरी सांगतात. प्रत्यक्षात उलट घडतं. सालीतल्या पेक्टिनला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घट्ट बांधून ठेवतात. मिठातलं सोडियम त्यांची जागा घेतं आणि साल सैल होते. एक लिटर पाण्याला एक मोठा चमचा मीठ, आठ-दहा तास भिजवायचं, सकाळी ते पाणी ओतून द्यायचं. पोट फुगवणाऱ्या काही शर्कराही त्याबरोबर निघून जातात.

खरा गुन्हेगार बहुतेक वेळा पाणीच असतं. ज्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असतं, आणि तेच सालीला अधिक आवळतं. अशा घरी हरभरा भिजवायला आणि शिजवायला जारचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्यावं. दोन-तीन वर्षं उष्ण, दमट जागी पडून राहिलेल्या दाण्यात मात्र गणंग राहणारच.

चिंच किंवा टोमॅटो कुकरमध्ये हरभऱ्याबरोबरच घालणं ही आणखी एक चूक. आंबटपणात साल मऊ पडत नाही. दाणा बोटाने चिरडला गेला, की मगच आंबट घाला.

तिखटाचं काय? लालभडक तर्री म्हणजे जहाल तिखट, असं नाही. मिरचीचा रंग तेलात उतरतो, म्हणून तर्री लाल दिसते; ब्याडगी मिरची रंग भरपूर देते, तिखटपणा बेताचा. जहालपणा बियांत असतो हाही गैरसमजच, तो बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या शिरांत असतो. याच तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं, तरी मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांमुळे ती सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. हरभरा त्याच्या कितीतरी आधीपासून इथे आहे. तोंड भाजलं तर पाणी पिऊन उपयोग नाही. तिखटातलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. ताक किंवा दही घ्या.

रस्सा दाट करायला मलई लागते, ही हॉटेलांनी लावलेली सवय. मराठवाड्यात त्यासाठी येसूर आहे: भाजलेलं धान्य, डाळ आणि मसाले दळून केलेलं पीठ. दोन चमचे पाण्यात कालवून उकळत्या रश्श्यात सोडलं, की रस्सा दाटही होतो आणि खमंगही.

काबुली चणे अधिक पौष्टिक असं समजून गावरान हरभरा बाजूला सारू नका. दोन्ही एकाच जातीचे, आणि जाड सालीमुळे तंतू गावरान हरभऱ्यातच जास्त.

आज रात्री हरभरा भिजत घालाल तेव्हा पाण्यात मीठ घाला, आणि सोड्याची डबी फळीवरच राहू द्या.