पीडीएफ ब्राउझरमध्येच उघडते? आधी सेटिंग बघा!

डाउनलोड केलेली पीडीएफ ॲक्रोबॅटऐवजी ब्राउझरच्याच टॅबमध्ये उघडली, की अनेकजण फाइलला किंवा संगणकाला दोष देतात. खरं तर दोष कुणाचाच नसतो. फायरफॉक्समध्ये २०१३ पासून आणि क्रोममध्ये त्याच्याही आधीपासून पीडीएफ वाचायची सोय आतच आहे आणि ती मुळातच चालू असते. वाचण्यापुरती ती पुरेशी आहे, पण सही तपासायची असेल तर नाही. ई-आधार क्रोममध्ये उघडून बघा: सहीच्या चौकटीवरचं पिवळं प्रश्नचिन्ह तसंच राहतं, कारण क्रोम डिजिटल सही पडताळतच नाही. ती ॲक्रोबॅट रीडरमध्ये पडताळता येते.

उपाय सोपा आहे. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज असं जाऊन तळाशी अतिरिक्त कंटेंट सेटिंग्जमध्ये 'पीडीएफ डॉक्युमेंट्स' उघडा आणि डाउनलोडचा पर्याय निवडा. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या 'जनरल' भागात 'ॲप्लिकेशन्स'च्या यादीत पीडीएफसमोर 'सेव्ह फाइल' निवडा. तरीही डबल क्लिकवर ब्राउझरच उघडला, तर विंडोजच्या 'डीफॉल्ट ॲप्स'मध्ये .pdf साठी रीडर नेमा. लिंक उघडायची की उतरवायची हे ब्राउझर ठरवतो, उतरवलेली फाइल कशात उघडायची हे विंडोज; हे दोन निर्णय वेगवेगळ्या ठिकाणी होतात.

कुणी म्हणेल, ब्राउझरच जास्त सुरक्षित! मुद्दा रास्त आहे. तिथे फाइल बंदिस्त वातावरणात उघडते. म्हणून अनोळखी फाइल ब्राउझरमध्येच बघावी, सही किंवा फॉर्म असलेली सरकारी कागदपत्रं मात्र रीडरमध्ये. सोय कोणती वापरायची, हे कामावरून ठरवा.