उणे १९६ अंशांवरचा विराम
केडगावच्या गोठ्यात कृत्रिम रेतनाला येणाऱ्या वीर्याच्या कांड्या द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये असतात, उणे १९६ अंश सेल्सिअसला. वर्षानुवर्षं थांबलेले शुक्राणू ३७ अंशांच्या पाण्यात अर्ध्या मिनिटात वितळून पुन्हा पोहू लागतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसतं. ही किमया ग्लिसरॉलची. इंग्लंडमध्ये १९४९ साली ती उमगली.

पण गोठवलेल्या पेशीचं अंतरंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं तर घाई हवी. सावकाश गोठवलं की बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. म्हणून नमुना उणे १८० अंशांच्या आसपासच्या द्रव इथेनमध्ये झटक्यात बुडवतात. स्फटिक बांधायला पाण्याला सवडच मिळत नाही, ते काचेसारखं घट्ट होतं आणि प्रथिनं जिथल्या तिथे राहतात. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यात ही पेशी वाचत नाही, पण जिवंतपणीचा आकार दाखवून जाते. या तंत्राचे जनक झाक द्युबोशे २०१७च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी.