वसईच्या घंटांचं कासं

मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला जिंकला आणि चर्चच्या मनोऱ्यांवरच्या घंटा देवळांकडे निघाल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर त्या आजही आहेत. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मरियामाता उठावात कोरलेली आहे आणि 1707 हे सालही.

अडीच-तीनशे पावसाळे खाऊनही या घंटा खणखणतात, ते काशामुळे. तांब्यात जस्त घातलं की पितळ होतं, कथील घातलं की कासं. घंटेसाठी साधारण 78 भाग तांबं आणि 22 भाग कथील घेतात. एवढं कथील पडलं की धातूच्या पोटात दोहोंच्या संयुगाचे कडक कण तयार होतात. मऊ तांब्यात टोल्याची ऊर्जा तिथल्या तिथे जिरते. कडक काशात ती जिरत नाही, धातू थरथरत राहतो. पाय चोळायची काशाची वाटी घरात असेल तर तिला बोटावर तोलून टिचकी मारा, कळेल. पण कडकपणाबरोबर ठिसूळपणाही येतो. कथील आणखी वाढवलं तर घंटा टोल्यानेच तडकायची. ओताऱ्याचं कसब या सीमारेषेवर उभं असतं.

दुसरं कसब आकाराचं. लोलक आपटतो तिथे काठ मुद्दाम जाड ठेवतात. एका टोल्यातून अनेक स्वर निघतात आणि युरोपीय घंटेत त्यांत सा आणि कोमल गंधाराची जोडी असते. तिच्या नादातली हुरहूर तिथून येते.

जपानी मंदिरातल्या घंटेला लोलकच नसतो. बाहेरून, कमळाच्या उठावावर, टांगलेल्या लाकडी ओंडक्याने टोला देतात. घंटा पूर्ण सारखी गोल नसल्याने दोन जवळजवळ सारखी कंपनं एकदम उठतात आणि आवाज लाटेसारखा चढत-उतरत विरतो. या लाटेलाच तिथले जाणकार कान देतात.

वसई आणि जपान यांना जोडणारा एक धागाही आहे: वसईत जन्मलेला ख्रिस्ती धर्मसेवक गोन्सालो गार्सिया 1597 मध्ये नागासाकीला क्रूसावर गेला. त्याच्या काळातली, 1577 साल कोरलेली एक चर्चची घंटा आज क्योटोच्या शुनकोइन या बौद्ध मंदिरात आहे. देवळात पोचलेली घंटा एकट्या वसईचीच नाही.

मेणवलीला गेलात तर टोला देण्याआधी घंटेभोवती एक फेरी मारा, साल वाचा. आणि गावच्या देवळात जुन्या घंटेला ऑइलपेंट फासायचं कुणी ठरवत असेल, तर त्याला थांबवा. रंगाखाली अक्षरं बुजतात.