स्टेंट की बायपास?

पेण किंवा रोह्यातल्या हृदयरोग्याची अँजिओग्राफी बहुधा पनवेल-मुंबईकडे होते. धमन्यांमधले अडथळे पडद्यावर दिसतात आणि नातेवाइकांसमोर प्रश्न येतो : स्टेंट की बायपास? छाती उघडायला नको म्हणून पुष्कळजण स्टेंट म्हणतात. भीती समजण्यासारखी आहे. पण निवड अडथळ्यांच्या मांडणीवरून व्हायला हवी, असे आम्हांला वाटते.

रोहेकरांना कुंडलिकेवरच्या डोलवहाळ बंधाऱ्याचे कालवे परिचित आहेत. समजा, कालव्याचा काठ एकाच जागी ढासळला. माती बाजूला दाबून काठाला जाळीचा आधार दिला, की पाणी वाहू लागते. स्टेंट हेच करतो. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी धमनीत नेतात, टोकाचा फुगा फुगवून मेदाचा थर दाबतात व तिथे जाळीदार नळी कायमची ठेवतात. फुग्याचा उपाय आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७७ साली झुरिचमध्ये केला. स्टेंट १९८६ मध्ये आला.

आता समजा, कालवा मैलभर जागोजागी गाळाने भरला आहे. दहा जागा मोकळ्या केल्या तरी अकरावी भरणारच. त्यापेक्षा नवा पाट काढून गाळाच्या पलीकडे जोडावा. बायपासमध्ये छातीतली धमनी किंवा पायातली शीर वापरून असा पाट काढतात. पुढे मूळ धमनीत नवा अडथळा आला, तरी तो बहुधा जोडाच्या अलीकडे येतो आणि पलीकडचा रक्तपुरवठा चालू राहतो. स्टेंटला हे जमत नाही, कारण तो एका जागेपुरता असतो.

मधुमेहात धमन्या अशाच लांबवर खराब होतात. एकाहून अधिक धमन्यांत अडथळे असलेल्या सुमारे १९०० मधुमेहींचा ‘फ्रीडम’ हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांत स्टेंटच्या गटात शेकडा १६, तर बायपासच्या गटात शेकडा ११ रोगी दगावले. पक्षाघात मात्र बायपासच्या गटात जास्त झाले. एकाच धमनीत छोटा अडथळा असेल, तर एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेचे कारण सहसा नसते. दुखणे स्थिर असेल, तर कधीकधी नुसत्या औषधांवरही भागते. अशा वेळी दोन दिवस थांबून दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्यावे.

झटका चालू असताना मात्र थांबायचे नसते. धमनीत गुठळी अडकलेली असते आणि हृदयाचा स्नायू मिनिटागणिक मरत असतो. स्टेंटची सोय असलेल्या रुग्णालयात पोचून धमनी मोकळी व्हायला दोन तासांहून अधिक लागणार असतील, तर जवळच ईसीजी काढून, धोका नसल्यास, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन घ्यावे व मग पुढे निघावे. रोह्याच्या आतल्या गावांसाठी हा हिशेब फार महत्त्वाचा आहे.

खर्चाचे म्हणाल, तर औषध-लेपित स्टेंटची किंमत फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने २९,६०० रुपयांवर बांधली. पण स्टेंटनंतर रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या दोन गोळ्या काही महिने, अनेकदा वर्षभर, घ्याव्या लागतात. बरे वाटते म्हणून त्या परस्पर बंद केल्या, तर त्याच जाळीत गुठळी होऊ शकते.