रक्तदाब : औषध आधी की पथ्य आधी?

काही विकार असे असतात की ते आल्याची वर्दी आपण होऊन देतात. दाढ दुखू लागली की मनुष्य दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. ताप भरला की दुकानाची किल्ली मुलाच्या हाती देऊन अंथरूण धरतो. उच्च रक्तदाबाची रीत निराळी आहे. तो वर्षानुवर्षे अंगात वास्तव्य करून राहतो आणि बहुतेकांना त्याचा थांगपत्ताही लागत नाही. डोके दुखणे, घेरी येणे ही त्याची लक्षणे मानण्याचा प्रघात आहे. परंतु ज्यांचे डोके कधीच दुखले नाही अशा असंख्य लोकांचा रक्तदाब मोजल्यावर चढलेला आढळतो. असा आकडा अचानक समोर आला म्हणजे व्यापारी कुटुंबात एक प्रश्न हमखास उभा राहतो : डॉक्टर गोळी सुरू करा म्हणतात, ती घ्यावी, की आधी मीठ कमी करून व सकाळी फिरावयास जाऊन पाहावे? या प्रश्नाचा दोन्ही बाजूंनी विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रक्तदाब म्हणजे काय?

हृदय आकुंचन पावते तेव्हा रक्त रोहिण्यांत जोराने लोटले जाते. ते प्रसरण पावते तेव्हा तो जोर ओसरतो. या दोन क्षणी रोहिणीच्या भिंतीवर पडणारा दाब म्हणजे रक्तदाबाचे वरचे व खालचे असे दोन आकडे. ते पाऱ्याच्या स्तंभाच्या मिलीमीटरमध्ये सांगतात. दंडास पट्टा बांधून दाब मोजण्याचे साधन इटलीतील रिव्हा-रोत्ची यांनी १८९६ साली प्रचारात आणले, आणि नाडीचे ध्वनी नळीने ऐकून दोन्ही आकडे ठरविण्याची पद्धत रशियन शल्यवैद्य कोरोत्कॉव्ह यांनी १९०५ साली मांडली.

हा दाब सदैव चढलेला राहिला म्हणजे रोहिण्या कठीण होतात, हृदयाच्या स्नायूवर अतिरिक्त भार पडतो, मूत्रपिंडातील सूक्ष्म वाहिन्या झिजतात, आणि मेंदूतील एखादी वाहिनी बंद पडते किंवा फुटते. त्यालाच आपण पक्षाघात म्हणतो. सुमारे दहा लक्ष लोकांच्या माहितीवरून २००२ साली काढलेला निष्कर्ष असा की, चाळीस ते एकोणसत्तर या वयात वरचा आकडा दर २० मिलीमीटरने वाढला की पक्षाघाताने व हृदयविकाराने मृत्यू येण्याचा संभव दुप्पट किंवा त्याहून अधिक होतो. म्हणजे प्रश्न केवळ आकड्याचा नाही. ज्या हाताने पेढीचा व्यवहार चालतो तो हात, आणि ज्या वाणीने गिऱ्हाईक जोडले जाते ती वाणी, या दोहोंच्या रक्षणाचा तो प्रश्न आहे.

औषध नव्हते तेव्हा

आज गोळीविषयी नाके मुरडणाऱ्यांनी गोळी नसतानाचा काळ आठवावा. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना त्या काळचे उत्तमोत्तम वैद्यकीय साहाय्य उपलब्ध होते. १९४४ च्या मार्चमध्ये त्यांचा रक्तदाब १८६/१०८ असा नोंदला गेला. विश्रांती, मीठ कमी करणे, वजन उतरविणे असे उपाय योजण्यात आले. रक्तदाबावर खात्रीचे असे औषध वैद्यांच्या हाती नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन त्यांचा अंत झाला, तेव्हा तो आकडा ३००/१९० असा होता. त्याच सुमारास ड्यूक विद्यापीठाचे डॉ. वॉल्टर केम्पनर रुग्णांना केवळ भात, फळे व साखर यांवर ठेवून रक्तदाब उतरवून दाखवीत होते. पथ्यात सामर्थ्य आहे हे त्यावरून सिद्ध झाले. मात्र इतके अळणी अन्न जन्मभर खाणे फार थोड्यांना साधले.

पुढील पावलात आपल्या मुंबईचा वाटा मोठा आहे. सर्पगंधा ही वनस्पती आयुर्वेदास पूर्वापार परिचित होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा उपयोग करून आपले अनुभव १९४९ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि साऱ्या जगाचे लक्ष तिकडे वेधले. १९५२ साली त्या मुळीतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिकाचा बहुमान लाभला. पुढे अधिक मात्रेत हे द्रव्य मनास उदासीनता आणते असे दिसून आले व सौम्यतर औषधांनी त्याची जागा घेतली. मुळी वनस्पतीची आहे एवढ्यावरून ती निरुपद्रवी ठरत नाही, हा त्यातील बोध आहे. तोलमापाशिवाय पुडीतून मिळणाऱ्या चूर्णांबाबत तो आजही लागू पडतो.

औषधाने आकडा उतरतो, पण आयुष्य वाढते काय? याचे उत्तर १९६७ साली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून मिळाले. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी निम्म्यांना औषध व निम्म्यांना औषधासारखी दिसणारी निर्गुण गोळी देण्यात आली. निर्गुण गोळी घेणाऱ्यांत २७ जणांना गंभीर उपद्रव झाले. औषध घेणाऱ्यांत केवळ दोघांना. त्यानंतर झालेल्या अनेक प्रयोगांचे एकत्रित गणित २०१६ साली मांडले गेले. वरचा आकडा १० मिलीमीटरने उतरला तर पक्षाघाताचे प्रमाण सुमारे २७ टक्क्यांनी घटते, असे त्यातून निघाले.

पथ्याने किती उतरतो?

आता दुसरी बाजू. १९९७ साली अमेरिकेत ४५९ जणांवर एक प्रयोग झाला. फळे, भाज्या, कमी स्निग्धांशाचे दूध-दही, कडधान्ये व सुकामेवा यांनी युक्त असा आहार दिल्यावर उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा अवघ्या काही आठवड्यांत सुमारे ११ मिलीमीटरने उतरला. २००१ साली त्याच आहाराबरोबर मिठाचे प्रमाण कमी करून पाहिले, तेव्हा लाभ आणखी वाढला. साधारण एका गोळीने जेवढा दाब उतरतो, तेवढेच हे कार्य आहे. वजन एक किलोने घटले की दाब सुमारे एक मिलीमीटरने उतरतो. आठवड्यातून दीडशे मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, झपाझप चालल्यानेही आकडा काही मिलीमीटरने खाली येतो. मद्य वर्ज्य केल्याचा लाभही असाच मोजून दाखविता येतो. तंबाखू सोडल्याने आकडा फारसा हलला नाही तरी हृदयाचा व मेंदूचा धोका मात्र खचित घटतो.

परंतु या सर्व प्रयोगांत एक गोष्ट समान होती : पथ्य खरोखरीच पाळले गेले. आहाराच्या प्रयोगात अन्न शिजवून, मोजून दिले जात असे. घरी तसे होत नाही. पहिल्या आठवड्याचा उत्साह, दुसऱ्या आठवड्यातले लग्नकार्य आणि तिसऱ्या आठवड्यातली खरेदीची फेरी हा क्रम आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे.

मग आधी काय?

प्रथम आकडा खरा आहे की नाही हे पाहावे. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा-तंबाखू घेऊ नये, लघवी करून यावे, पाठ टेकून पाच मिनिटे स्वस्थ बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर असावा, पट्टा दंडाच्या मापाचा असावा व बोलू नये. मोजणी किमान दोन निरनिराळ्या दिवशी करावी. दवाखान्यात पाऊल टाकताच पुष्कळांचा दाब चढतो. म्हणून घरी मोजलेले आकडे वहीत तारखेनिशी लिहून डॉक्टरांस दाखवावेत. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ च्या वर राहिली तर ती चढलेली समजतात.

आकड्याची खात्री पटल्यावर निर्णय साधारणपणे असा होतो. दाब १६०/१०० किंवा अधिक असेल तर केवळ पथ्यावर विसंबून राहू नये. औषध व पथ्य एकाच दिवशी सुरू करावे. १४०/९० ते १६०/१०० या दरम्यान तज्ज्ञांत थोडा मतभेद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले की, १४०/९० च्या वरचा दाब निश्चित झाल्यावर चार आठवड्यांच्या आत औषध सुरू व्हावे. आंतरराष्ट्रीय उच्चरक्तदाब संस्थेने २०२० साली असे म्हटले की, ज्यास अन्य धोका कमी आहे अशा मनुष्याने तीन ते सहा महिने पथ्य करून पाहावे व दाब न उतरल्यास औषध घ्यावे. मात्र मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार किंवा पूर्वी झालेला पक्षाघात यांपैकी काही असेल तर ही सवलत नाही. १३० ते १३९ या टप्प्यात, दुसरा विकार नसल्यास, पथ्यालाच पहिला मान द्यावा.

तात्पर्य, पथ्याला मुदत द्यावयाची असेल तर ती हुंडीसारखी द्यावी. मुदतीची तारीख पक्की असावी. ‘बघू पुढे’ ही मुदत नव्हे. तीन महिन्यांनी आकडा खाली आला नाही तर त्यात पराभव मानण्याचे कारण नाही. वय व आनुवंशिकता यांवर मनुष्याची सत्ता चालत नाही.

गोळीविषयीचे समज

‘एकदा लागली की सुटत नाही’ हा आक्षेप सर्वत्र ऐकू येतो. गोळीची चटक लागत नाही. दीर्घकाळ राहतो तो विकार. गोळीचा प्रभाव ती घेतली जाते तोवरच असतो, म्हणून आकडा नीट आला की ‘बरे झाले’ समजून ती बंद करणे ही सर्वांत घातक चूक होय. काही औषधे एकाएकी थांबविल्यास दाब उसळतो. उलटपक्षी, साठ ते ऐंशी वयाच्या ९७५ व्यक्तींवर १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात असे दिसले की, स्थूल रुग्णांनी मीठ व वजन दोन्ही कमी केले तर, औषध थांबवून पाहिल्यानंतर, दाब पुन्हा चढण्याचा किंवा औषध पुन्हा लागण्याचा संभव जवळजवळ निम्म्याने घटला. तेव्हा गोळी सुटण्याची वाटही पथ्यातूनच जाते; पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालावयाची असते.

दुष्परिणाम नाहीत असे नाही. ॲम्लोडिपिनने काहींच्या पायांस सूज येते. रामिप्रिलसारख्या औषधाने कोरडा खोकला लागतो. मूत्रल औषधाने रक्तातील क्षार कमी होऊ शकतात. काही औषधे गर्भवतीस सर्वथा वर्ज्य आहेत. यांवर उपाय म्हणजे डॉक्टरांस सांगून औषध बदलून घेणे. ही औषधे आज स्वस्त आहेत. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र, मध्य प्रदेश व तेलंगण या राज्यांचा समावेश होता, आणि सरकारी आरोग्यकेंद्रांतून ती विनामूल्य देण्याची व्यवस्था करण्यात आली.

आपल्या घरची व्यवस्था

आपले जेवण शाकाहारी, म्हणून ते आपोआप पथ्याचे, असा समज असेल तर तो तपासून घ्यावा. दिवसाचे मीठ पाच ग्रॅमहून, म्हणजे लहान चमचाभराहून, कमी असावे. आपल्या ताटात लोणचे, पापड, चटणी, शेव-फरसाण व खारी बिस्किटे असतात. दुकानात बसल्या जागी तोंडात टाकले जाते तेही हेच. पापडखार व खाण्याचा सोडा यांतही सोडियम असते. सैंधव हेही मीठच आहे. पोटॅशियमयुक्त मीठ वापरल्याने चीनमधील सुमारे एकवीस हजार लोकांच्या प्रयोगात पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले, असे २०२१ साली दिसून आले. परंतु मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी व काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांस विचारल्यावाचून वापरू नये. कंदमुळे न खाणाऱ्यांस काही उणे पडेल अशी भीती नको. मूग, मटकी, तूर, केळी, नारळपाणी, दुधी, दोडका यांतून हवे ते मिळते. दूध, दही, तूप, तेल, गोड व मीठ या रसांचा ठरावीक दिवशी त्याग करण्याची परंपरा आपल्यात आहे. मिठाशिवाय जेवता येते हे ज्या घरांत ठाऊक आहे, त्यांना रोजचे मीठ निम्म्यावर आणणे कठीण जाऊ नये.

रात्री अन्नपाणी न घेणाऱ्यांस गोळीच्या वेळेची चिंता वाटते. २०२२ साली ब्रिटनमधील एकवीस हजारांहून अधिक रुग्णांच्या प्रयोगात सकाळी गोळी घेतली काय आणि संध्याकाळी घेतली काय, लाभ सारखाच आढळला. तेव्हा नियम न मोडता डॉक्टरांकडून सकाळची वेळ ठरवून घेता येते. मात्र निर्जळी उपवास करणाऱ्यांनी, विशेषतः मूत्रल औषध चालू असल्यास, पर्वापूर्वीच सल्ला घ्यावा. शरीरात पाणी कमी पडून दाब एकदम उतरण्याचा व मूत्रपिंडास इजा होण्याचा संभव असतो. गोळी आपल्या मनाने सोडू नये, तसा उपवासही लपवू नये.

शेवटी एक विनंती. दाब मोजण्याचे यंत्र घरी आले की ते प्रथम कर्त्या पुरुषाच्या दंडास लागते. ज्या माउलीच्या हातून घराचे मीठ मोजले जाते, तिचा दंड मात्र बहुधा राहून जातो. तिशी उलटलेल्या प्रत्येक व्यक्तीचा, मग ती गादीवर बसणारी असो की स्वयंपाकघरात राबणारी असो, दाब वर्षातून एकदा तरी मोजला जावा व तो वहीत टिपला जावा. औषध की पथ्य हा वाद त्यानंतरचा. आणि तो करण्याची वेळ आलीच, तर दोहोंना एकमेकांचे प्रतिस्पर्धी न मानता एकाच पेढीचे भागीदार मानावे, हे हिताचे.