पाच कल्पना आणि दहा हजार रुपये



केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या 'इन्स्पायर मानक' योजनेत प्रत्येक शाळेस विद्यार्थ्यांच्या पाच मौलिक कल्पना दाखल करता येतात, आणि जी मंजूर होईल तिची प्रतिकृती सिद्ध करण्यासाठी १०,००० रुपयांची रक्कम थेट त्या विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते, ही वार्ता नाशिक जिल्ह्यातील पेठ-सुरगाण्याच्या पाड्यापाड्यांवर पोहोचावी अशी माझी उत्कट इच्छा आहे. पुढे जिल्हा, राज्य आणि राष्ट्र अशा क्रमाने प्रदर्शने होतात. बँक खाते मात्र आधीच उघडून ठेवावे.

पुस्तकात पाहून केलेला ज्वालामुखी येथे उपयोगाचा नाही. द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्या वडिलांच्या खांद्यात पंपाचा पट्टा कसा रुततो, किंवा चाळीतील कांदा आतून सडू लागला तरी वरून त्याचा मागमूस कसा लागत नाही, हे ज्या मुलाने प्रत्यक्ष पाहिले आहे आणि त्यावर स्वतःच्या बुद्धीने काही तोड शोधली आहे, त्याचीच कल्पना परीक्षकांसमोर ठामपणे उभी राहते, असे माझे मत आहे. तिचा मजकूर मुलाच्याच शब्दांत असावा.

विद्यार्थ्यांप्रमाणे शिक्षकांसाठीही १९५८ पासून राष्ट्रीय पुरस्कार आहे: ५०,००० रुपये, रौप्यपदक व प्रशस्तिपत्र. त्यासाठी आता शिक्षकाला स्वतःच ऑनलाइन अर्ज करता येतो, तेव्हा कोणी शिफारस करील म्हणून वाट पाहू नये. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना तर २०२० साली दहा लक्ष डॉलरांचा जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला, आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.