पाइप गोठतो एकीकडे, फुटतो दुसरीकडे

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासला हिमवादळाने गाठलं. वीज गेली, घरं गारठली आणि ठिकठिकाणी पाण्याचे पाइप फुटले. एरवी उष्ण असलेल्या या राज्यात अनेक घरांचे पाइप पोटमाळ्यावरून किंवा बाहेरच्या भिंतीतून, पुरेसं आवरण न घालताच नेलेले असतात.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, हे आपण शाळेत शिकतो. पण पाइप सहसा बर्फाच्या थेट रेट्याने फुटत नाही. आत बर्फाचा बोळा तयार होतो. तो वाढत जातो आणि पुढचं पाणी बंद नळाच्या दिशेने ढकलतो. पाणी दाबून फारसं आक्रसत नाही, त्यामुळे कोंडलेल्या भागात दाब भलताच चढतो आणि बर्फ नसलेल्या जागीही पाइप चिरतो. बर्फाचं बूच असेपर्यंत गळती कळत नाही. ते वितळलं की घरभर पाणी!

म्हणून कडक थंडीत नळ किंचित सुटा ठेवतात. बारीक धारेमुळे दाबाला वाट मिळते. उघड्या पाइपांना फोमचं आवरण घालावं, सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवावीत. पाइप गोठलाच, तर नळ उघडून हेअर ड्रायरने नळाच्या बाजूपासून शेकत जावं; ज्योत मुळीच लावू नये.

टेक्सासमधल्या डॅलस-ऑस्टिनला मुलं-नातवंडं असतील, तर त्यांना एवढं जरूर विचारा: पाइप फुटलाच तर पाणी बंद करायचा घराचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, माहीत आहे ना?